बारा अक्षरांच्या होड्या

मी उमेळे गावची. ऐंशीच्या दशकात मुंबईत एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. तेवढ्या भांडवलावर पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीने आपल्या नव्या कॉम्प्युटरवर होड्यांची यादी करायचं काम मला दिलं. दर शनिवारी मी सायकलने जायची. होडीच्या नावासाठी मी बारा अक्षरांचा रकाना ठेवला, इंग्रजी अक्षरांचा, मधल्या मोकळ्या जागा धरून. बारा पुरतील असं मला का वाटलं, ते आजही सांगता येत नाही.

डिझेलची पाळी त्या यादीवरून लागू लागली आणि पहिल्याच आठवड्यात चर्चमधल्या माउलीच्या नावाच्या तीन होड्या एकसारख्या छापून आल्या : ‘अवर लेडी ऑफ’. कुठली ग्रेसची, कुठली हेल्पची, ते शेपूट बाराव्या अक्षराशी कापलेलं. पहिलीला डिझेल मिळालं. उरलेल्या दोघींना ‘तुमचं नेऊन झालं’ म्हणून परत पाठवलं.

त्यातल्या एका होडीची मालकीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “माज्या होडीचं नाव कोनी कापलं?”

“मी,” मी म्हटलं. “पुढच्या शनिवारी रकाना वाढवते, मावशी.”

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त शाळामास्तर. त्यांना शनिवारपर्यंत दम नव्हता. त्यांनी सभा बोलावून ठराव केला : मशीन नवं आहे, त्याला हात लावू नये. होड्या तशाही रंगवायच्या आहेत, तेव्हा नावंच बारा अक्षरांत बसवावीत.

मला कुणी कळवलं नाही. शनिवारी मी रकाना चाळीस अक्षरांचा केला आणि जाता जाता त्याचं शीर्षकही सुधारलं. दोन्ही एकदम बदललं की ते सॉफ्टवेअर जुना रकाना ओळखतच नसे. सगळी नावं गेली. मालक होते, नंबर होते, नावांच्या जागी नुसतं कोरं. नक्कल मी ठेवली नव्हती.

वही घेऊन धक्क्यावर धावले. म्हटलं, होड्यांवरूनच नावं उतरवून घेऊ. तर होड्यांवर भलतीच नावं! मावशी ब्रश घेऊन आपल्या होडीपाशी उभी होती. जुनं नाव खरवडून झालेलं.

“बाय, आता कोनतं लिवू?”

“जुनंच लिहा. आता चाळीस अक्षरं मावतात.”

“चालीस?” तिने शेजारणीला हाक मारली. दोघींनी बोटांवर मोजलं आणि जुनं नाव परत लिहून त्यापुढे नवऱ्याचं, मग सासऱ्याचं नाव रंगवलं. तरी तीन अक्षरं उरली. तिथे तिने एक पापलेट काढलं.

“हा बी घाल तुज्या मशीनमदी.”

आता परवान्यावर एक नाव, ठरावाप्रमाणे बारा अक्षरी दुसरं, होडीवर तिसरं. मी मुकाट्याने तीन रकाने केले. या वेळी आधी फ्लॉपीवर नक्कल घेतली आणि एका वेळी एकच बदल केला. मग सेक्रेटरींना म्हटलं, “सर, आता तो ठराव तेवढा मागे घ्या.”

“एकमताने मंजूर झालेली गोष्ट,” ते म्हणाले, “अशी कुणी सांगितलं म्हणून बदलता येते का?”