तिचातोंगा आणि ताटातले तांदूळ

मुग्धा माझी कॉलेजातली मैत्रीण. सिंगापूरला विद्यापीठात संशोधन करते, लग्नानंतरही माहेरचंच नाव लावते. तिचे फोटो पाहून वर्षानुवर्षं जळत होते. म्हटलं, एकदा जाऊन जवळून जळू! नवरा आणि लेक पुण्यात, मी विमानात.

विमानतळावरून बिशान भागात तिच्या घरी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं जा. बँकेचं कार्ड टेकवलं की झालं; टॅक्सीवर उधळू नका. दारातच मुग्धा ओरडली, "सुमे, आलीस!" लग्नात माझं सुमेधाचं राधिका झालं. जुन्या नावानं हाक मारायच्या त्या आई आणि मुग्धा. आई तर लेक जन्मायच्या आधीच गेली. ती हाक ऐकायला विमान पकडावं लागतं, याचाही रागच आला.

दुसऱ्या दिवशी जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत जेवलो. शाकाहाऱ्यांनो, डोसा घरी खा. इथे चिनी शाकाहारी स्टॉलवरच्या तांदळाच्या शेवया घ्या, स्वस्त आणि झकास. सोबत रूडो होती, मुग्धाची झिंबाब्वेची सहकारी. आफ्रिकेच्या स्वातंत्र्यलढ्यांतल्या बायकांवर दोघी काम करतात. डोक्यावरून दारूगोळा वाहिलेल्या बायकांबद्दल पुस्तकं म्हणे एवढंच सांगतात, 'स्वयंपाकात मदत केली.'

"माझी आईही लढली," रूडो म्हणाली. "तिथे तिचं नाव होतं तिचातोंगा. म्हणजे 'आम्ही राज्य करू.' पण लढून आलेल्या पोरीशी लग्न कोण करणार? नाव लपवलं. मी कॉलेजात असताना बसस्टँडवर कुणी बाई त्या नावानं ओरडली. आई भाजीची टोपली टाकून तिच्याकडे धावत सुटली. मला तेव्हा कळलं."

माझ्या पोटात दुखलं. अशी आई, असं नाव! राहवेना, म्हणून मीही फुशारकी मारली, "माझीही दोन नावं आहेत. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरं लिहिलं."

रूडो सावरून बसली. "तू कुठल्या लढ्यात होतीस?"

"सासरच्या!" मुग्धा खो खो हसली. मीही हसले, पण उरलेल्या शेवया मुग्धाकडे सरकवल्या.

परत आले, चॉकलेटं वाटून संपली. मुग्धाच्या घराचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाटतो तो रूडोच्या आईचा. तिला भर गर्दीत कुणीतरी हाक मारली.

काल फोन वाजला. लेकीनं उचलला आणि मला विचारलं, "मुग्धामावशी आहे. विचारतेय, सुमे काय करतेय. आई, ही सुमे कोण?"

"दे इकडे तो फोन," मी म्हटलं, "आणि बस इथे."