टांगलेली भिंत

ज्याच्याविषयी लिहायला बसलो आहे, त्या माणसाला मी कितपत ओळखत होतो असं कुणी विचारलं, तर मला मान खाली घालावी लागेल. कित्येक वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण तो वर आणि मी खाली. तो टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा. मी जमिनीवरून वॉकी-टॉकीवर त्याला सांगायचो, वर घे, खाली घे, डावीकडे वळव, थांब. चेहरा दिसायचा तो सकाळी शिडी चढताना आणि संध्याकाळी उतरताना. बाकी दिवसभर तो म्हणजे कानाशी धरलेला एक आवाज. त्याच्या मुलांची नावं मला ठाऊक नव्हती, पण त्याला सर्दी झाली की त्याच्या बायकोच्या आधी मला कळायची.

सगळे त्याला घारोबा म्हणत. मी कमी बोलतो म्हणून त्याने मला मुकेराव करून टाकलं होतं. ‘बोलायचा पगार घेणारा जगातला एकमेव मुका,’ असं तो चारचौघांत सांगायचा.

त्याला मधुमेह होता हे साईटवर फक्त मला माहीत होतं, आणि तेही त्याने सांगितलं म्हणून नाही. एकदा शिडीच्या पायथ्याशी त्याची पिशवी फाटली आणि इन्सुलिनचं पेन घरंगळत माझ्या बुटाशी आलं.

‘शाई संपलीय त्याची,’ तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘कळलं तर खाली बसवतील रे मला. खाली माझा जीव रमायचा नाही.’

मी पेन उचलून त्याच्या हातात दिलं. त्याला तेवढं पुरलं.

वर असताना साखर घसरली तर हात कापतात, डोकं चालत नाही. म्हणून कामाच्या दिवशी तो डोस मुद्दाम कमी टोचायचा. चढलेली चालेल, उतरलेली नको, असं त्याचं गणित. तरी पिशवीत साखरेची एक पुडी असायचीच. पण चढलेल्या साखरेने घसा सुकायचा, तो सारखं पाणी प्यायचा, आणि घडीघडीला शिडी उतरणं काही शक्य नव्हतं. मग रिकाम्या बाटल्या वर न्यायच्या आणि भरून खाली आणायच्या. एका गवंड्याने विचारलं, ‘घारोबा, वर विहीर खणलीस काय?’

‘खणली. पाणी गोड लागलंय.’

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्याच्या बुटांच्या नाड्या आता घोट्याशी बांधता येत नव्हत्या, इतके पाय सुजले होते.

एकदा त्याची बायको फाटकाशी आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘भाऊजी, यांच्या डोळ्यांत आत रक्त उतरायला लागलंय. डॉक्टर म्हणतात, साखर अशीच चढती ठेवली तर दृष्टी जाईल. तुम्ही सांगा ना जरा.’

‘माझं कोण ऐकतं, वहिनी?’

‘मग माझंच ऐकतील. उद्यापासून पूर्ण डोस, नाहीतर मी स्वतः साहेबांना जाऊन सांगणार आहे.’

दुसऱ्या दिवशी शिडीला हात घालताना तो पुटपुटला, ‘पूर्ण टोचलंय. बाईसाहेबांचा हुकूम. आता डबा वेळेवर पोटात गेला म्हणजे झालं.’

नेमका डबाच गेला नाही. कारखान्यातून काँक्रीटच्या तयार भिंती घेऊन आलेली गाडी रस्ता अडवून उभी होती आणि मागे हॉर्नांचा नुसता कल्लोळ. इंजिनिअरसाहेब म्हणाले, ‘आधी गाडी रिकामी करा, मग जेवा.’ एक भिंत बसली की दुसरी तयार. त्याचे हात क्रेनच्या दांड्यावरून सुटतच नव्हते.

आमच्या कामात एक रीत असते. मी सांगेन ते वरच्याने जसंच्या तसं परत म्हणायचं आणि मगच दांडा हलवायचा. मी ‘खाली घे’ म्हटलं की तो ‘खाली घेतो’ म्हणणार. यात तो कधी चुकला नव्हता.

शेवटची भिंत हवेत होती. ती जागेवर धरायला दोन माणसं खाली उभी होती. मी म्हटलं, ‘डावीकडे, सावकाश.’

वरून आलं, ‘हं.’

आणि भिंत उजवीकडे वळली.

‘थांब!’

‘का थांबू? तुझ्या बापाचा नोकर आहे का मी?’

जीभ जड झाली होती. आवाज त्याचा होता, पण त्यात तो नव्हता. मी हात हलवून त्या दोघांना हाकललं. बटणावर बोट ठेवलं आणि तसाच राहिलो. त्या चॅनेलवर साहेबांपासून गवंड्यांपर्यंत सगळे होते. बोललो की त्याची केबिन गेली. नाही बोललो तर काय जाईल, ते डोक्यावर हेलकावे घेत होतं.

‘घारोबा, तुझी साखर उतरलीय. काहीतरी गोड खा.’

‘मला काही झालेलं नाही. तूच खा. खाली घेतो मी.’

साहेब धावत आले. ‘कसली साखर? त्याला मधुमेह आहे?’

मी मान डोलावली. ते ओरडले, ‘सगळे लांब व्हा!’ आणि दुसऱ्या ऑपरेटरला त्यांनी शिडीवर पिटाळलं. पण शिडी ती शिडी, चढायला वेळ लागणारच. वर भिंत धक्का खाऊन वीतभर घसरली आणि थांबली.

विनवण्या करून तो ऐकणार नव्हता. मला काय सुचलं कोण जाणे, मी रोज सामान उतरवताना लावतो तोच कोरडा सूर लावला.

‘हात दांड्यावरून काढ.’

काही नाही.

‘हात दांड्यावरून काढ.’

‘हात... काढतो.’

‘पिशवी उघड.’

‘पिशवी उघडतो.’

‘साखरेची पुडी फोड.’

‘फोडतो.’

‘तोंडात घाल.’

‘नको. उगीच काय.’

‘तोंडात घाल.’

बराच वेळ नुसती खरखर. मग, ‘घालतो.’

आम्ही सगळे माना वर करून उभे. मागचे हॉर्नही थांबल्यासारखे वाटले, किंवा मला ऐकू येत नसतील. शेवटी आवाज आला, आणि तो त्याचा होता.

‘मुकेराव, ही भिंत वाळत घातलीय का?’

कुणी हसलं नाही.

‘कुणी कुणी ऐकलं?’ त्याने विचारलं.

‘सगळ्यांनी.’

‘बरं.’

भिंत दुसऱ्या ऑपरेटरने खाली घेतली. साहेबांनी त्याला घरी बसवलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं, हा त्यांचा चांगुलपणा. तिथे डबा वेळेवर, डोस वेळेवर. पायांची सूज उतरली. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, तुमच्यामुळे माणूस घरी आला.’ तो मात्र कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे एकदाच म्हणाला, ‘दोन घासांचा प्रश्न होता रे. चॅनेलवर कशाला?’ स्टोअरमध्ये त्याने खुर्ची अशी ठेवली होती की क्रेनकडे पाठ यावी.

तो गेला तेव्हा मी दुसऱ्या साईटवर होतो. फार उशिरा कळलं. त्याचं-माझं शेवटचं बोलणं झालं ते स्टोअरच्या खिडकीशी.

‘हातमोजे दे.’

‘आधीचे कुठे गेले?’

‘फाटले.’

‘तुला नुसतं बटण तर दाबायचं असतं. त्यात काय फाटतं?’ त्याने जोडी पुढे सरकवली. ‘नवा वर बसलाय, तो कसा आहे?’

‘बरा आहे. फार बोलतो.’

‘मग तुझं कठीण आहे.’

‘जेवलास?’

‘केव्हाच. तू?’

‘आता जातो.’

‘जा मग. निवेल डबा.’