सव्वीस मयतांचा वॉर्डन

ज्ञानू गँगमनचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची फारशी तक्रारही नव्हती. राहू गावच्या शिवारात बापामागं मेंढरं वळत तो मोठा झाला. तेवढी मेंढरं काय ती त्याचं ऐकायची. पुढं बापानं कळप विकून दोन एकर रान घेतलं, ज्ञानू दौंडला रेल्वेत चिकटला, आणि तेव्हापासून तीस वर्षं तो सगळ्यांचं ऐकत आला. मुकादमाचं, साहेबाचं, घरी म्हाळसाचं. आवाजच असा की समोरच्याला वाटावं, हा माणूस आपल्याशी न बोलता स्वतःशीच काहीतरी पुटपुटतोय.

नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये सरहद्दीवर लढाई पेटली आणि रेल्वे कॉलनीत विमानहल्ल्यापासून बचावाचा सराव सुरू झाला. दौंड मोठं जंक्शन, चारी दिशांना गाड्या फुटणार, तेव्हा शत्रूच्या नकाशावर आपला ठिपका असणारच, असं साहेबांनी सभेत सांगितलं. ते ऐकून कॉलनीला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटला. मग प्रत्येक ओळीला एक वॉर्डन नेमायचं ठरलं. बारा खोल्यांच्या ओळीतले बाकीचे पुरुष ड्युटीची सबब सांगून निसटले. ज्ञानूला सबब सुचेपर्यंत त्याच्या दंडाला पिवळा पट्टा बांधून झाला होता.

पण पट्टा बांधला आणि त्यानं ते काम मनावर घेतलं. मैदानाच्या कडेला खणलेला नागमोडी खंदक त्यानं स्वतः उतरून साफ केला, विंचूकाटा पाहिला. भोंगा वरखाली रडला की धोका, सरळ एका सुरात वाजला की सुटका, हे बाराही दारांत जाऊन सांगितलं. बाराही दारांनी "बरं बरं" म्हटलं आणि तांदूळ निवडणं पुढं चालू ठेवलं.

पहिला सराव बुधवारी दुपारी चारला ठरला. चारला नळ येतो, हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं.

भोंगा रडायला लागला तेव्हा ओळीसमोरच्या एकुलत्या नळाला हंडे-कळश्यांची रांग लागली होती. बायाबापड्या, पोरंसोरं, रात्रपाळी करून उठलेले दोघं-तिघं, सगळी ओळ तिथंच होती. सगळ्यांत पुढं भागुबाई. तिचा नवरा शेडमध्ये फिटर होता, पण ओळीत राज्य तिचं.

"भागुबाई, चला. भोंगा झाला," ज्ञानू म्हणाला.

"ऐकू येतंय, आप्पा. भयरी न्हाई मी."

"खंदकात जायचंय. वरनं बॉम्ब पडला म्हंजी?"

"पडू द्या की. बॉम्बनं माणूस एकदाच मरतंय. ह्यो नळ गेला तर उद्या चारला येतोय. तवर लेकरं काय प्यायची?"

रांग खदखदून हसली. ज्ञानूनं शिट्टी फुंकली, मग हात जोडले. कुणी जागचं हललं नाही. तेवढ्यात साहेब जीपमधून उतरले आणि वहीत लिहू लागले. "हजर सव्वीस. वाचलेले शून्य."

"साहेब, मी तर शिट्टी..."

"तुम्ही खंदकात होता का? नाही ना? मग सव्वीसात तुम्हीही आलात." साहेबांनी टोपण लावलं. "पुढच्या बुधवारी पुन्हा येतो. तेव्हाही असंच झालं तर पट्टा बबनरावांकडे द्यायचा."

बबनराव म्हणजे शेजारच्या ओळीचा वॉर्डन. आवाज इंजिनासारखा. ज्ञानू दिसला की तो ओरडायचा, "काय मयत, च्या घेनार का?"

मयतांची यादी भिंतीवर लागली आणि भागुबाई तरातरा ज्ञानूच्या दारात आली. "मला मेली लिवलं? माझ्या तेजश्रीला पाव्हणं बघायला यायल्यात, आन् आई कागदावर मेली?"

"मी न्हाई लिवलं, बाई."

"मग वाचवायचं तरी हुतं!"

सगळी कॉलनी हसत होती. ज्ञानूला काही हसू येईना. यादीत चौथं नाव म्हाळसाचं होतं. तीस वर्षं रुळाची एकेक चावी ठोकत त्यानं अनोळखी माणसांच्या गाड्या सुखरूप पुढं धाडल्या, आणि भोंगा झाला तेव्हा आपली पंचवीस माणसं त्याला शंभर पावलं नेता आली नाहीत. उद्या खरंच विमान आलं तर? त्या रात्री त्याला घास जाईना.

"आवं, खोटं खोटं मेलोय आपण," म्हाळसा म्हणाली. "जेवा आता."

चार दिवस तो हातोडा खांद्यावर टाकून रुळाच्या कडेनं विचार करत हिंडला. पाचव्या दिवशी वरवंडकडच्या अंगाला धनगराचा एक कळप रूळ ओलांडताना दिसला. एक मेंढी अडून बसली होती. धनगर तिला ना ओरडला, ना त्यानं काठी उगारली. त्यानं तिचं कोकरू काखेत मारलं आणि तो चालू लागला. मेंढी बें बें करत मागं आणि मेंढीमागं अख्खा कळप. ज्ञानू तिथंच खडीवर मटकन बसला. एवढं आपण विसरलो कसं?

दुसऱ्या बुधवारी भोंगा झाला. ज्ञानूनं शिट्टी फुंकली नाही, की कुणाला हाक मारली नाही. तो नळाशी गेला, भागुबाईचा अर्धा भरलेला तांब्याचा हंडा उचलून खांद्यावर घेतला आणि मैदानाकडं पळत सुटला.

"आवं आप्पा! हंडा! माझा हंडा!" भागुबाई पदर खोचून मागं धावली.

दोन नंबरला प्रतिभा होती. तिनं पाहिलं, एक नंबर निघाला. कॉलनीत जिथं हंडा, तिथं नंबर. हंडा गेला आणि आपण मागं राहिलो तर नंबर गेला. तिनं कळशी उचलली. तिसरीनं बादली उचलली. नळ तिकडं हलवला का काय, असं कुणीतरी ओरडलं आणि मग काय विचारता! अख्खी ओळ भांडी खडखडवत खंदकात उतरली आणि ज्याच्या त्याच्या क्रमानं भांडी मांडून शेजारी बसली. भागुबाईनं हंडा हिसकला, तो निसटला आणि ज्ञानूच्या पायाच्या अंगठ्यावर आदळला.

"आन् नळावर कोन हाय आता?" ती कडाडली. "मागची ओळ घुसंल! तुमी उठिवलंय समद्यास्नी, तुमीच जाऊन राखा!"

ज्ञानू लंगडत परत गेला आणि नळावर हात ठेवून उभा राहिला.

साहेबांनी खंदकात वाकून मोजलं. पंचवीस. पुन्हा मोजलं तर सव्वीस. सगळ्यांच्या शेवटी बादली मांडीवर घेऊन बबनराव बसला होता.

"तुम्ही शेजारच्या ओळीचे वॉर्डन ना?"

"व्हय साहेब. इकडं पानी येनार, आसं वाटलं."

"आणि तुमची ओळ?"

बबनरावाच्या इंजिनातली वाफ गेली. साहेबांनी वहीत लिहिलं. "वाचलेले पंचवीस. मयत एक. वॉर्डन, उघड्यावर."

भागुबाई ताडकन उभी राहिली. "कुनाला मयत लिवलं? आमच्या ओळीत कुनी मरत नसतंय. खोडा ते!"

"बाई, नियम आहे."

"नियमाला मी इचारते नंतर. आदी खोडा."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग नळाशी एका पायावर उभ्या असलेल्या ज्ञानूकडं पाहिलं. "बरं. जखमी लिहितो. पट्टा राहू दे त्यांच्याकडेच."

'जखमी' शब्द कानावर पडताच साहेबांबरोबर आलेलं प्रथमोपचाराचं पथक उठलं. दोन बुधवार त्या चौघांना एकसुद्धा जखमी मिळाला नव्हता. त्यांनी ज्ञानूला आडवा केला, अंगठ्यापासून मांडीपर्यंत पट्टी गुंडाळली, उरलेली वाया नको म्हणून डोक्यालाही बांधली, आणि "मला चालता येतंय" म्हणत असताना त्याला स्ट्रेचरवर घेतलं. त्याचं कुणी ऐकलं नाही.

सरळ भोंगा वाजला. सगळी ओळ भांडी घेऊन नळाकडं धावली. म्हाळसा तेवढी स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होती; तिची कळशी खंदकातच राहिली होती. भागुबाईनं ती उचलून आणली, आपला हंडा पायानं बाजूला सरकवला आणि कळशी नळाखाली लावली.

"आदी आप्पाची भरू द्या," ती रांगेला म्हणाली. "आजच्या दिस. उद्यापास्नं मागं."