खस वर, लसूण खाली

माणसानं रोज अंगाला काय लावून बाहेर पडावं, हा प्रश्न मला साठी जवळ आल्यावर पडला, आणि तो पाडला माझ्या नातीनं. ती तेव्हा सव्वा महिन्याची होती. वासाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं तिच्या आईचं, म्हणजे माझ्या लेकीचं.

बीदर जिल्ह्यातल्या चिटगुप्प्याच्या बाजारात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी, सोयाबीनवरची माशी, हरभऱ्यावरची मर, सगळ्यांवर माझ्याकडे बाटली आहे. दिवसभर त्या बाटल्यांमध्ये बसलं की माणसाला एक वास लागतो. सडका लसूण आणि रॉकेल एकाच डब्यात ठेवून डबा उन्हात विसरला, तर साधारण तसा. मला तो येत नाही. नाक फार सोशिक असतं, पोटापाण्याच्या वासाबद्दल कधी तक्रार करत नाही. बायको म्हणते, मी चौकात वळलो की तिला घरात कळतं आणि ती भाकरी टाकायला घेते. एकूण त्या वासाचा घराला उपयोगच होता.

गिऱ्हाइकांना तर तो वास म्हणजे देवाचा अंगारा. आमच्या भागातला शेतकरी बाटलीवरचं काही वाचत नाही, सील न फोडता झाकणाला नाक लावतो. डोकं मागं गेलं तर औषध चांगलं, नाही गेलं तर कंपनीनं पाणी भरलं. हल्लीची नवी औषधं बिनवासाची येतात, आणि ती खपवताना माझा जीव जातो. प्रत्येकाला तेच सांगतो, "मामा, वास म्हंजे औषद नव्हं. ज्याला वास न्हाई ते जास्ती कडक ऱ्हातंय." मामा मान हलवतात आणि वासाचीच बाटली नेतात. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की खोक्यावर बसून शाळेचा अभ्यास करणारी माझी लेक लहानपणी माझी नक्कल करून दाखवायची.

तीच लेक पहिल्या बाळंतपणाला हैदराबादहून माहेरी आली होती. दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी आली त्या संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं, दारात चपला काढल्या आणि हात पुढे केले.

"अप्पा, दुकानातनं आल्या आल्या लेकराला घिऊ नका," लेक म्हणाली.

"वास यायलाय व्हय?"

"येणारच की." आणि ती बाळाला दुपट्यात गुंडाळून आत गेली.

पुढे केलेले हात परत कुठे ठेवायचे असतात हे मी त्या दिवशी शिकलो. खिशात.

सकाळी घ्यावं म्हटलं तर फवारणीचे दिवस. शेतकरी उजाडायच्या आत दुकानापुढं उभे. मी निघायचो तेव्हा नात झोपलेली, आणि तिची मालिश, अंघोळ, शेपा-ओव्याची धुरी असा दरबार भरायचा तेव्हा मी कुणाला तरी अळीचे प्रकार समजावत असायचो. राहिली संध्याकाळ. तिसऱ्या महिन्यात लेक सासरी जाणार होती. नात एकदाही मांडीवर न येता गेली असती तर मला फार वाईट वाटलं असतं. वाटत होतंच. पण वाईट वाटतंय असं तोंडानं सांगायचं असतं, हे आमच्या वयाच्या माणसांना कुणी शिकवलेलं नाही. म्हणून सव्वा महिना तसाच काढून मी बाजारात गेलो.

आता एखादा शहाणा म्हणेल, अंघोळ करायची होती. आमच्याकडे दिवेलागणीला डोक्यावरून पाणी घेतो तो मयतीहून आलेला माणूस. धडधाकट माणसानं संध्याकाळी अंघोळ केली तर गल्ली गोळा होते. मी हातपाय धूत होतो, साबण लावून. तेवढ्यानं वास जात नसेल तर तो झाकायचा, एवढा सरळ हिशेब होता.

पहिली खरेदी जवळच्याच जनरल स्टोअरमधून. दुकानदार मला रोज नमस्कार करणारा, तरी त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ऑफिसला लावायचा का फंक्शनला?"

"रोजचा."

"रोज म्हंजे, बसताव कुठं तुमी?"

मी कुठं बसतो हे त्याच्या काउंटरवरून दिसतं. पण सेंट विकणाऱ्याला हे प्रश्न विचारावेच लागतात, जसे मला एकरी किती पंप म्हणून विचारावे लागतात. त्यानं काढून दिलेल्या डब्यावर एक उघडाबंब माणूस खडकावर उभा होता आणि मागं समुद्र. खाली लिहिलं होतं, चोवीस तास टिकतो. आमच्या गावात चोवीस तास वीज टिकत नाही. आणि समुद्र म्हणाल तर आमच्या अख्ख्या जिल्ह्याला तो नाही, त्यामुळं जो वास आला तो समुद्राचाच का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

बायकोनं सांगितलं. "अवो, संडासात मारायचं आनलाव आन् अंगावर मारून घेतलाव व्हय?"

मी खोलीच्या दारात उभा राहिलो. नात शिंकली. एवढीशी शिंक, पण लेकीनं तोंड असं केलं की मीच मागं सरलो.

"अप्पा, नका," ती म्हणाली.

मी पुढं विचारलं नाही. तिला वाटत होतं मला कळतंय, आणि मला वाटत होतं मला कळलंय. अशा दोन शहाण्यांमध्ये बोलणं होत नसतं.

मग बीदर. माल आणायला जायचंच होतं, तिथं अत्तराच्या दुकानात शिरलो. मालक गादीवर बसलेला. "क्या होना साब? रोज का, कि शादी का?" रोजका म्हटल्यावर त्याच्या तोंडावरचा उत्साह निम्मा झाला, पण हात थांबले नाहीत. माझ्या एका मनगटावर खस, दुसऱ्यावर मजमुआ, कोपराच्या खळगीत ऊद. हाताच्या पाठीवर आणखी एक थेंब टाकून म्हणाला, ये मिट्टी का. मातीचा वास विकत घेण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही. माझी सगळी गिऱ्हाइकं तो पायाला लावून फुकट आणून देतात. ऊद भारी होता, पण तो लावला की आपण कुणाच्या तरी उरुसाला निघालोय असं वाटत राहतं. मजमुआमध्ये सगळंच होतं, म्हणजे लग्नात आहेर देणारे सगळे एकदम जवळ आल्यासारखं. राहिला खस. खस थंड, सभ्य, कुणाशी भांडणार नाही असा. मी कुपी घेतली. त्यानं वर कापसाचा फाया माझ्या कानात खोचून दिला, तेवढा माझ्या वयाला शोभेल म्हणून.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या माणसानं विचारलं, "लग्नाला निघालाव काय अण्णा?"

"न्हाई. दुकानाला."

तो खिडकीकडं सरकून बसला.

घरी बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "गाणगापूरला जाऊन आलाव का काय?" आणि लेकीनं नुसतं माझ्या कानातल्या कापसाकडं पाहिलं आणि बाळाला दुसऱ्या कुशीवर वळवलं. वळवताना तिला वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. पण मला त्याहून जास्त वाईट वाटत होतं, त्यामुळं मी तिची बाजू घेतली नाही.

खसाची खरी गंमत दुकानात झाली. सकाळी तो एकटा होता. दुपारी बाटल्यांच्या वासानं त्याला गाठलं. चारच्या सुमारास मी जो काही दरवळत होतो त्याला बाजारात नाव नव्हतं; खस वर, लसूण खाली. त्या वेळी एक जुनं गिऱ्हाईक आलं, तुरीत आयुष्य गेलेला म्हातारा. त्याला नेहमीची बाटली काढून दिली. त्यानं झाकणाला नाक लावलं, बाटली लांब धरली आणि माझ्याकडं संशयानं पाहिलं.

"अण्णा, ह्यात काय मिसळायलाव?"

"काय मिसळू? सील हाय की."

"सीलाला काय करायचं? वास बगा की. आळीला मारायचंय का नटवायचंय?"

मी त्याला सांगितलं की वास माझ्या बोटांना आहे, बाटलीला नाही. मग नेहमीचं वाक्य म्हटलं, वास म्हंजे औषद नव्हं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरच्या दुकानात गेला. समोरचा दुकानदार अंगाला काही लावत नाही. पुढच्या दोन दिवसांत माझी बरीच गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली, आणि गावात बोलवा झाली की मी औषधात अत्तराचं पाणी घालतो. पाणी घालणारा अत्तर कशाला घालील, एवढा विचार करायला कुणाला वेळ नव्हता. सुगी जवळ आली होती.

रविवारी जावई आला. समजूतदार माणूस, त्याच्या कानावर सगळं गेलेलं. त्यानं माझ्यासाठी एक बाटली आणली, काचेची, जड, वर चांदीसारखं झाकण. म्हणाला, हा हलका आहे, रोज ऑफिसला लावण्याजोगा, जवळ आलेल्यालाच कळतो. मी लावला. जवळ गेलो, कुणालाच कळलं नाही. असले भारी सेंट इतके हलके असतात की ज्याला किंमत ठाऊक आहे त्यालाच वास येतो. पण एक खरं, लसणाला त्यानं गप्प केलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून निघताना मी तो गळ्याला, मनगटांना, तळहातांना भरपूर मारला आणि बायकोपुढं उभा राहिलो. तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"काहीच यायलं न्हाई," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "मी इतकी वर्सं ह्याच वासात नांदले. तवा तुमाला बाटली आठवली न्हाई."

मी घाईत होतो. चार दिवसांनी लेक जाणार होती. मी खोलीत गेलो आणि हात पुढे केले.

"घे, बघ हुंगून. कायच वास न्हाई."

लेकीनं हुंगलं नाही. बाळ तिच्या खांद्यावर होतं. ती म्हणाली, "अप्पा, गिऱ्हाइकाला रोज काय सांगताव तुमी?"

"काय सांगतो?"

"वासाचं काय सांगताव?"

"वास म्हंजे औषद नव्हं."

"मग वास गेला म्हंजे औषद गेलं व्हय?"

आतून बायकोचं हसू ऐकू आलं. माझ्याच काउंटरवरची बाटली माझ्याच पोरीनं माझ्या हातात दिली होती, सीलबंद. मी तिथंच खाटेच्या काठावर बसलो. लेक म्हणाली, "मला वास कामून खुपंल अप्पा? म्या त्याच वासात पाढे पाठ केलेत. हाताला औषद ऱ्हातंय म्हून म्हनलं मी."

गावभरच्या शेतकऱ्यांना नावं ठेवणारा मी, त्यांच्याहून वेगळं काय करत होतो? ते वास आहे म्हणून विश्वास ठेवतात, मी वास नाही म्हणून ठेवला. त्यांची फार तर तूर जाते. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे न सुचल्यामुळं मी न्हाणीत जाऊन बंब पेटवला.

दिवे लागले होते. मी डोक्यावरून पाणी घेतलं, एकदा नाही, बंब संपेस्तोवर. नखं ब्रशनं घासली. पाण्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला असणार, कारण शेजारीण भिंतीवरून हळू आवाजात विचारती झाली, "कोन गेलं वो?"

"कोनी न्हाई अक्का," मी साबणाच्या फेसातून म्हणालो. "नात घ्यायचीया."

धुतलेला सदरा घातला, दुकानाचे कपडे बाहेर वेगळे टांगले. लेकीनं मला हुंगलं नाही. माझी नखं पाहिली, बाह्या वर करून कोपरं पाहिली, आणि मग बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. तिच्या टाळूला तेलाचा, शेपांचा आणि दुधाचा वास होता. इतके दिवस मी बाजारात जे हुंगत फिरलो त्यात हा कुठंच नव्हता. त्यावर मी आणखीही काही बोललो असतो.

पण नातीला वासाचं काही पडलेलं नव्हतं. तिनं माझं बोट धरलं, ज्या बोटानं मी दिवसभर झाकणं पिळतो तेच, आणि सरळ तोंडात घातलं. मग डोळे मिटून चोखायला लागली.

मी लेकीकडं पाहिलं.

"सगळ्याचंच असं करतीय ती," लेक म्हणाली.

मला खसाचा दिवस आठवला, समुद्राचा आठवला, मगाचा हलका आठवला. त्यातल्या एका दिवशी जरी माझे पुढे केलेले हात लेकीनं मानले असते तर हेच बोट औषधासकट नातीच्या तोंडात गेलं असतं, असं मनात आलं आणि मी हात ताठ धरून बसलो. नात चोखत राहिली. माझा हात अवघडला असावा असं लेकीला वाटलं, तिनं माझ्या कोपराखाली उशी सरकवली.