मोठ्या घरचा गोड चहा

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला दुसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा मी बुलढाण्याच्या बसस्टँडवर तिच्याशी भांडले. चारचौघांत. ती पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली होती. एका डोळ्यात पांढरं पूर्ण दाटलेलं, दुसऱ्यातही सुरुवात झालेली. मी समोर उभी राहून विचारत होते की साखर तीनशेच्या वर गेलीच कशी. घरात तिला साखर देत नाही, गूळ नाही, भात नाही, मग ही आली कुठून? आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गाडीले टाइम हाय ना? मंग चहा घेऊ."

मी कपाळावर हात मारून घेतला.

मी नर्स आहे. दिवसभर दवाखान्यात आलेल्या माणसांना सांगते, साखर कमी करा, चाला, गोळी चुकवू नका. आमच्या बीबी गावाच्या आसपासची निम्मी माणसं मला रस्त्यात पाहिलं की हातातला पेढा मागे लपवतात. आणि माझी स्वतःची आई, माझ्याच घरात राहणारी, तिची साखर मला आवरत नव्हती. याची लाज वाटायची आणि त्याहून जास्त राग यायचा.

डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली, एक महिन्यानंतरची. साखर दोनशेच्या आत असेल तरच डोळ्याला हात लावीन, म्हणाले. आणखी उशीर झाला तर मोतीबिंदू जास्त पिकेल, मग काम अवघड होईल, हेही म्हणाले. तो डोळा आईसाठी काय होता ते मला माहीत होतं. आई शाळेत गेली नाही. मी पहिलीत असताना ती डाळ निवडत माझ्या शेजारी बसायची आणि माझ्याच पुस्तकातून अक्षरं शिकली. पुढे पौर्णिमेला विहारात सगळ्यांसमोर पुस्तक उघडून वाचायची, एकेका शब्दावर बोट ठेवून, मोठ्या आवाजात. आता वर्षभर दुसरी बाई वाचते आणि आई मागे बसून नुसते ओठ हलवते. ते मला बघवत नाही.

म्हणून मी घरात लष्करी कायदा लावला. साखरेचा डबा माझ्या कपाटात, कुलपात. ज्वारीची दीड भाकरी, वर एक घास नाही. आईचं म्हणणं होतं की गुळाला माझा विरोध उगाच आहे. "गूळ कुठं साखर हाय? गूळ तं गूळ हाय." शेजारणींनी आपापलं शास्त्र आणून दिलं. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेले मेथीदाणे. लोणारच्या बाजूचा कुणी एक जण कसलीशी मुळी देऊन गेला. आईने सगळं आवडीने घेतलं. तिच्या हिशेबात प्रत्येक कडू घोट म्हणजे पुढच्या गोड घासाचा परवाना होता.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं. हे एक मात्र तिने लगेच मनावर घेतलं. रोज संध्याकाळी पाच वाजले की पायात चप्पल, हातात काठी. ऊन असो, वारा असो, खाडा नाही. मला बरं वाटायचं. आणि चालून आली की मी बोटाला सुई टोचायची, मशीन दाखवायचं दोनशे नव्वद. सकाळी उपाशीपोटी एकशे चाळीस आणि संध्याकाळी पायपीट करून आल्यावर दोनशे नव्वद! मी पट्ट्या बदलल्या. मशीन बदललं. स्वतःच्या बोटाला टोचून पाहिलं, माझी ठणठणीत निघाली. जगात सगळ्यांची साखर चालून उतरते, माझ्या आईची चढते.

तारखेला बारा दिवस राहिले, तेव्हा एका संध्याकाळी मी तिच्या मागे गेले. चोरासारखी, घराघरांच्या आडोशाने, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

आई काठी टेकत नाक्यापर्यंत गेली, उजवीकडे वळली आणि थेट गावातल्या मोठ्या घराच्या ओसरीवर चढली. हे घर म्हणजे जुने जमीनदार. त्यांच्या शेतात माझी आजी निंदायला जायची, लहानपणी आईसुद्धा. आता घरात थोरली काकू आणि तिचा मुलगा-सून एवढेच. काकूने आईला खुर्ची दिली. आतून फुलाफुलांची कपबशी आली. आईने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि अगदी सावकाश, चव घेत घेत प्यायला लागली.

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा ओसरीवर चढले आणि आईच्या हातातली बशी काढून घेतली. काकूला म्हणाले, "काकू, हिला साखर आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. हिचा डोळा जाईल. तुम्ही रोज पाजता हिला?" काकू घाबरून उभीच राहिली. मी आईला दंडाला धरून उठवलं. चहा थोडा साडीवर सांडला.

घरी येईपर्यंत मी एकटीच बोलत होते. दारात चप्पल काढताना म्हणाली, "तुले काय मालूम त्या चहाचं?"

मग तिने सांगितलं. आजीबरोबर ती त्या घरी कामाला जायची, तेव्हा गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप उपडा ठेवलेला असायचा. तो आमचा. चहा वरून ओतायचे, कपाला किटली लागू नये म्हणून. पिऊन झाला की आपणच धुवायचा आणि परत उपडा घालायचा. "तो चहाबी गोडच राहे," आई म्हणाली. "पन आता त्याच घरात मले खुर्ची भेटते. फुलाची कपबशी भेटते. सून बशी उचलून नेते. अन् मी म्हनू, नको?"

खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. मी म्हणाले, त्यांनी खुर्ची दिली म्हणजे उपकार केले का? ती खुर्ची तुझी कधीच असायला हवी होती. त्यांच्या कपाचा मान राखायला तू आंधळी होणार? आणि काकू तुला अजून 'तू' म्हणते आणि तू तिला 'तुम्ही', वयाने तिच्याहून मोठी असून, ते नाही दिसत तुला?

"मले दिसतच नाही ना वं काही," आई म्हणाली आणि भाकरीचं ताट पुढे ओढलं.

ती रडली नाही. मी रडले, आत जाऊन, रागाने. त्या कोनाड्याचा राग, त्या काकूचा राग, आईचा तर होताच, पण सगळ्यात जास्त माझा. मी तिच्या बोटातून रोज रक्त काढत होते आणि तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू कुठे जातेस.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, बरं, जा तिकडे, पण बिनसाखरेचा माग. आईला हे पटेना. "फिक्का चहा मांगितला तं त्याइले वाटन, आमच्या चहाले नावं ठेवून राह्यली." मग मीच काकूकडे गेले. आधी कालच्या वागण्याबद्दल माफी मागितली, मग बिनसाखरेच्या चहाचं सांगितलं. काकूच्या चेहऱ्यावर खरोखर दुखल्यासारखं दिसलं.

"तुह्या मायले फिक्का चहा देऊ? कोनी पाह्यलं तं काय म्हनन? अजून भेद पायते म्हनन. मी तं तिच्या कपात मुद्दाम दोन चमचे वरून टाकले, रोज."

मुद्दाम दोन चमचे वरून! म्हणजे इकडे आई मान राखायला पीत होती आणि तिकडे काकू मान द्यायला साखर ओतत होती. दोघींच्या मानापमानात माझ्या आईचा डोळा चालला होता. ही गोष्ट दवाखान्यात सांगितली असती तर कुणाचा विश्वास बसला नसता. कुठल्या गोळीने उतरवायची ही साखर?

त्या संध्याकाळी आई पाच वाजता चप्पल घालू लागली. मी काही न बोलता तिच्याबरोबर निघाले. ओसरीवर खुर्च्या मांडलेल्याच होत्या. काकू दाराशी उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुही पोरगी सांगून गेली. पन तूच सांग, कसा पायजे तुले चहा?"

आई खाली बघत राहिली. मी जीभ दातांखाली धरली, तेही कधी नव्हे ते.

"साखर नका टाकू, वहिनी," आई म्हणाली.

"माह्या हातून फिक्का होत नाही बाई. हात आपोआप डब्यात जाते." काकूने पदर सावरला. "तूच ये आत. तुले पायजे तसा कर."

आई उठली. चप्पल कधीच काढलेली होती, तरी तिने पायाकडे हात नेला. दाराशी जाऊन थांबली. मला वाटलं ती मागे फिरणार. पण ती पायाने चाचपडत होती. तिला उंबरा दिसत नव्हता.

"उंबरा कोठी हाय, वहिनी?"

काकूने तिचा हात धरला आणि तिला आत नेलं. मी ओसरीवर एकटी बसून राहिले. आतून भांड्याचा आवाज आला, गॅसचा आवाज आला, एकदा दोघींचं हसणं आलं. मग काकू ट्रे घेऊन आली. तीन कप, तिन्ही फिके. काकूने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मुकाट्याने संपवला.

घरी येऊन मी सुई टोचली. एकशे शहाण्णव. मी मशीन तिच्या डोळ्यांसमोर धरलं, जसं काही तिला आकडा दिसणारच होता. तिचं लक्ष नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"एवढी सारी वर्सं त्या घरी गेली मी," ती म्हणाली. "आज आत पाय पडला. पन काहीच दिसलं नाही वं मले. मांडनी कोठी, देव कोठी, भिंतीले रंग कोन्ता, काहीच नाही. सारं पांढरं पांढरं."

मी पट्टी काढून कचऱ्यात टाकली. तिने ताटातली अर्धी भाकरी न सांगता बाजूला काढून ठेवली.

"डोयाची तारीख कवाची हाय म्हने?"

ती तारीख मी तिला त्या महिन्यात पन्नास वेळा तरी सांगितली असेल, ओरडून, हात जोडून, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल काढून. तिने विचारली मात्र आज पहिल्यांदा. मी एक्कावन्नाव्यांदा सांगितली.