काकूंची वाटी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतक्या कष्टाने आणि प्रामाणिकपणे जाड झालेला माणूस अख्ख्या विरार पूर्वेत शोधून सापडायचा नाही. लोक बसून बसून जाड होतात, हे चालून चालून झाले. आमच्या चंदनसारच्या रस्त्यावर सकाळी दूधवाल्याच्याही आधी कोण दिसेल, तर हे. पांढरे बूट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि भर मे महिन्यातसुद्धा डोक्याला माकडटोपी. एवढं करून अधूनमधून पँट सैल करून घ्यायला शिंप्याकडे जायचं, ते जायचंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाणं आणि चालणं यांचा मेळ बसवा. काकांनी तो बसवला. कसा बसवला तेवढं फक्त विचारू नका, म्हणजे विचारा, सांगायलाच बसले आहे.

काका वालीवच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. नट-बोल्ट किती आत आले, किती बाहेर गेले, हे जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या शरीराचंच स्टोअर करून टाकलं. आत आलेला माल त्याच दिवशी बाहेर गेला पाहिजे, असं ते मला जिन्यात अडवून समजावत आणि माझ्या हातातल्या भाजीच्या पिशव्या तोवर लोंबकळत राहत. वडा म्हणजे नाक्यापर्यंत जाऊन येणं, पुरणपोळी म्हणजे तलावापर्यंत, श्रीखंड असेल तर येताना चढाचा रस्ता. इथवर ठीक होतं. पण पुढे ते आगाऊ चालायला लागले. परवा कुणाचं लग्न आहे, म्हणून आजच जास्तीचं चालून पोटात जागा करून ठेवायची. लग्नात ती जागा भरायचीच, वर थोडा माल गोदामाच्या दाराबाहेरही रचला जायचा. वजनकाट्याशी तर त्यांचं उभं वैर. तो त्यांनी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून गॅलरीत फिरवला, शेवटी गॅलरीतल्या कोपऱ्यातली एक लादी त्यांना सापडली, जिच्यावर काटा जरा कमी दाखवतो. तेव्हापासून वजन फक्त त्या लादीवर, घड्याळ आणि चष्मा काढून. चष्म्याशिवाय आकडा दिसायचा नाही, मग तो वाचायला मला खालच्या मजल्यावरून वर बोलावणं.

नंदाखालला त्यांचा कारखान्यातला एक मित्र राहतो, त्याची केळीची वाडी आहे. तिथली हवा चालायला बरी, म्हणून काका रविवारी तिकडे जात आणि येताना सुकेळी घेऊन येत. आमच्या वसईकडची ही वाळवलेली केळी मधासारखी गोड असतात. मी म्हटलं, काका, हे तुम्हाला चालायचं नाही. त्यावर ते मला म्हणाले, "अगं, जे केळं स्वतःच वाळून निम्मं झालंय, ते मला काय जाड करणार?" कप्पाळ माझं! मी निमूटपणे एक सुकेळं घेतलं आणि खाली आले.

खरी गंमत त्यांच्या चालण्यात होती. काका नुसते चालायला कधी गेलेच नाहीत, ते कुणाकडे तरी चालत जायचे. कधी जुन्या सहकाऱ्याकडे, कधी काकूंच्या भजनी मंडळातल्या बायकांकडे. आपल्याकडे घरी आलेल्याला काही खायला घातल्याशिवाय सोडत नाहीत आणि बायको गेलेल्या माणसाला तर नाहीच नाही. पहिल्या घरी पोहे. ते जिरवायला काका दुसऱ्या घरापर्यंत चालत, तिथे उपमा. तो जिरवायला तिसरं घर, तिथे नेमका शिरा. मी हे सगळ्या बिल्डिंगला रंगवून सांगायचे आणि खूप हसवायचे. मग एकदा संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालायला गेले. ज्यांच्याकडे निघालो होतो त्यांच्या दाराला कुलूप होतं. काका त्या कुलपासमोर बराच वेळ उभे राहिले. तेव्हा मला कळलं, की यांना चालायचंही नव्हतं आणि खायचंही नव्हतं, कुणाच्या तरी घरात घटकाभर बसायचं होतं. त्यानंतर मी ती गोष्ट सांगणं बंद केलं.

उन्हाळ्यात एक दिवस काका भाजी घेऊन येताना दुसऱ्या मजल्यावर धाप लागून जिन्यातच बसले. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि ते राहतात चौथ्यावर. कुणीतरी हैदराबादला त्यांच्या मुलीला फोन केला. ती लगेच आली आणि तिने साफ सांगितलं, की गणपतीत मी परत येईन, तेव्हा तळापासून वरपर्यंत न थांबता चढून दाखवलंत तर राहा इथे, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याकडे यायचं. काकांनी अट मान्य केली. काकूंनी हौसेने मांडलेलं घर सोडून त्यांना कुठेही जायचं नव्हतं. मुलगी परत गेल्यावर त्यांनी घरोघरचं खाणं बंद केलं, सुकेळी मला देऊन टाकली, वडा सोडला. तरी काटा त्या लाडक्या लादीवरही हलेना. काका रडकुंडीला आले.

मग मीच वर जाऊन बसले आणि त्यांचा स्वयंपाक पाहिला. तेल बेताचं, साखर नाही, सगळं ठीक. शेवटी त्यांनी भात लावायला घेतला. तांदळाच्या डब्यात काकूंची पितळी वाटी होती. ती त्यांनी शिगोशीग भरली, वरून बोटाने सारखी केली, अगदी काकू करायच्या तशी. मी म्हटलं, काका, हे दोघांचं माप आहे. त्यांचा हात तिथेच थांबला. कारखान्यात एक बोल्ट कमी झाला तरी ओळखणारा हा माणूस, काकू गेल्यापासून रोज दोघांचा भात लावत होता आणि अन्न टाकवत नाही म्हणून दोघांचा खात होता.

अर्धी वाटी ठरली. आठवडाही झाला नसेल, काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "भूक भागते गं. पण कुकर उघडला की तळाशी एवढासा भात दिसतो आणि ही नाही, हे रोज नव्याने कळतं."

माझा नवरा बोटीवर असतो. वर्षातले निम्मे महिने मीही एकटीच टीव्हीसमोर ताट घेऊन बसते, त्यामुळे मला जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, वाटी पूर्ण लावा, मी जेवायला येते. तेव्हापासून वरून कुकरची शिट्टी ऐकू आली, की मी आमटीचं पातेलं घेऊन वर जायचे. जेवण झालं की दोघं चालायला, कुणाच्याही घरी न जाता. काकांचं वजन उतरू लागलं. माझं वाढलं, तो आकडा मात्र ते चष्मा लावून मोठ्याने वाचायचे.

गणपतीत मुलगी आली. काका चढायला लागले तशी प्रत्येक मजल्यावरची दारं किलकिली झाली. दुसऱ्या मजल्यावर, उन्हाळ्यात बसले होते त्याच पायरीवर, ते जरा रेंगाळले, मी देवाचं नाव घेतलं, पण थांबले नाहीत. चौथ्यावर पोचून घामाघूम उभे राहिले आणि मुलीकडे बघून लहान मुलासारखे हसले. तिचे डोळे भरून आले. हरले मी बाबा, राहा तुम्ही इथेच, मी परत हा विषय काढणार नाही, असं म्हणाली. बिल्डिंगभर पेढे वाटले, काकांनी एकाला हात लावला नाही.

विसर्जन झाल्यावर मुलगी गेली. शब्दाची पक्की, निघतानाही तिने विषय काढला नाही. त्या संध्याकाळी मी आमटी करून शिट्टीची वाट बघत बसले. शिट्टी झालीच नाही. वर गेले तर दार नुसतं लोटलेलं, दिवा लावलेला नाही. तिला रिक्षात बसवून आले होते ते तसेच, बूट घातलेले, खुर्चीवर बसलेले.

मी दिवा लावला. काका बुटांकडे बघत होते. म्हणाले, "अगं, ती अजून एकदा चल म्हणाली असती ना, तर गेलो असतो मी."

मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातून काकूंची वाटी काढली, शिगोशीग भरली, वरून बोटाने सारखी केली आणि कुकर लावला.