हद्दीवरचा आवाज

माझ्या मामाच्या कानावर कुणी अपील करत नसे. पंपाची कुरकुरणारी मोटार समोर आली की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावायचा, मूठ कानाशी धरायचा आणि तिलाच निकाल द्यायचा, "बेअरिंग गेलंय. तुझी काही चूक नाही, रडू नकोस." चाळीस वर्षं त्याने मोटारी भरल्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली. मग गिऱ्हाइकं मोटारी परत आणायला लागली, आवाज तसाच आहे म्हणायला लागली. मामा म्हणाला, हल्लीच्या लोकांना कानच नाहीत, आणि त्याने दुकानाचं शटर कायमचं ओढलं. पुढचे पाच महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मामी फोनवर म्हणायची, "माणूस घरात आहे गं, पण नाहीच."

त्याला उठवलं ते पवनचक्कीने. जुन्या मोटारीतून घरापुरती पवनचक्की करून मागच्या अंगणात उभी करायची, असं त्याच्या डोक्यात आलं. परवानगीचे नियम मी नगरपालिकेतून आणले आणि वाचून दाखवायला बसले, तर म्हणाला, "दे इकडे, तू पुटपुटतेस." उंची खांबापुरती नाही, पात्याच्या वरच्या टोकापर्यंत धरायची आणि शेजारच्या हद्दीपासून तेवढं अंतर सोडायचं, असा नियम. त्यापायी त्याने खांबाचा खड्डा तीनदा हलवला. मामीचं लिंबाचं झाड त्यात गेलं. हद्दीवर आवाज पंचेचाळीस डेसिबलच्या वर नको, या कलमावर मात्र त्याने नुसती टिचकी मारली. "हे मला शिकवतायत!"

पाती फिरली त्या दिवशी मी तिथेच होते. किसणीवर खिळा ओढावा तसा बारीक, चिवट आवाज सुरू झाला आणि थांबेचना. मी मामीकडे बघितलं, मामीने माझ्याकडे. मामा खांबाला स्क्रूड्रायव्हर लावून उभा होता. कित्येक महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर तजेला दिसत होता.

"आहे का आवाज? लोण्यासारखी फिरतेय!"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

भिंतीपलीकडे एक नर्स राहते. रात्रपाळी करून दिवसा झोपते, म्हणजे झोपायची. ती दोनदा मामीशी बोलून गेली. "थोडे दिवस सांभाळून घे," मामी म्हणाली, "माझा माणूस उठून बसलाय." नर्सने दोन महिने काढले आणि मग तक्रार दिली. मी तिला मनात नको नको ते बोलले. खोटं आम्ही बोललो आणि राग तिच्यावर, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!

तपासणीला नगरपालिकेचे साहेब आले. आधी टेप लावली. उंची, अंतर, सगळं बरोबर. मामाची छाती फुगली. मग त्यांनी भिंतीपाशी आवाज मोजायचं यंत्र धरलं. अठ्ठावन्न.

मामा हसला. "तुमचं यंत्र बिघडलंय, साहेब. आणून द्या, दुरुस्त करून देतो."

"काका, यंत्राचं राहू द्या," साहेब अवघडून म्हणाले. "घरच्यांना विचारा."

मामा वळला. "तुला येतो आवाज?"

मामी टॉवेलची घडी घालत होती. घातली, मोडली, पुन्हा घातली. "येतो हो. पहिल्या दिवसापासून."

मग त्याने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी नुसती होकाराची मान हलवली.

साहेबांनी पंधरा दिवस दिले. आवाज मर्यादेत आणा, नाहीतर चक्की उतरवा.  ते गेल्यावर मामा म्हणाला, "म्हणजे ती गिऱ्हाइकं खरं सांगत होती." आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मला माझाच इतका राग आला की मी न जेवता घरी गेले.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाला आणि ठेवला. जाऊन बघते तर त्याने खांब आडवा करून नवं बेअरिंग बसवलं होतं, बोटांनी चाचपून. खांब पुन्हा उभा केला. दुपारी वारा सुटला. नर्सही भिंतीशी येऊन उभी राहिली, डोळे तांबारलेले.

मामाने या वेळी स्क्रूड्रायव्हर लावला नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"आता?"

आवाज कमी झाला होता, पण होता. दारातून मामी डोळ्यांनी विनवत होती, नाही म्हण.

"तिच्याकडे बघू नकोस."

"येतोय, मामा," मी त्याच्यासमोर जाऊन मोठ्याने म्हणाले.

 त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्या हातात दिला. "लाव खांबाला. कुठून येतोय ते सांग."

मी मूठ कानाशी धरली. आवाज सगळीकडूनच येत होता आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. मामा माझ्या ओठांकडे बघत वाट पाहत होता.